छत्तीस गुण आणि छत्तीसचा आकडा

बहरीनमध्ये नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी घरात पहिल्या आठवड्यात एक प्रसंग हमखास घडतो. बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये जपून आणलेला मिक्सर ओट्यावर ठेवला जातो, आणि त्याची गोल पिनांची वायर हातात धरून घरातले कोणीतरी भिंतीवरच्या चौकोनी भोकांकडे बघत उभे राहते. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून अडॅप्टर येतो आणि चटणी वाटली जाते. मंडळी, या गोल-चौकोनी भांडणामागे चक्क इतिहास आहे. ब्रिटनने १९४७ साली घरगुती प्लगसाठी चपट्या, आयताकृती पिनांचे नवे मानक आणले. त्याच वर्षी आपण स्वतंत्र झालो आणि आधीचा गोल पिनांचाच प्लग पुढे चालवत राहिलो. बहरीन मात्र १५ ऑगस्ट १९७१ पर्यंत ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होते. (हो, तारीख आपलीच! इथला राष्ट्रीय दिन १६ डिसेंबरला साजरा होतो, हा भाग वेगळा.) त्यामुळे इथे नवा ब्रिटिश प्लग रुळला.

आमच्या जुफैरमध्ये तर तिसराही पाहुणा आहे. ब्रिटिश नौदलाचा तळ इथे १९३५ मध्ये झाला. १९७१ साली ब्रिटिश गेले आणि अमेरिकन नौदल त्या जागेत आले. त्यामुळे परत जाणाऱ्या एखाद्या अमेरिकन कुटुंबाकडून काही विकत घ्यायचे झाले, तर त्याला दोन चपट्या पात्यांचा, १२० व्होल्टचा प्लग असण्याची शक्यता असते. इथल्या २३० व्होल्टवर तो तसाच लावला, तर पुढचे सांगायला नको. एकाच इमारतीत तीन देशांचे प्लग, आणि प्रत्येकाच्या मागे कुठल्या तरी सत्तेची, कुठल्या तरी सालाची गोष्ट!

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे माझी मुलगी. वय वर्षे पंधरा. मागच्या हिवाळ्यात तिने ठरवले की गेम खेळण्यासाठीचा संगणक तयार विकत घ्यायचा नाही, सुटे भाग आणून स्वतःच्या हाताने जोडायचा. त्यासाठी तिने दोन वर्षांचे वाढदिवसाचे आणि दिवाळीचे दिनार साठवले होते. चुकीचा भाग आणला आणि खोके उघडले, तर दुकानदार तो परत घेईलच असे नाही, त्यामुळे प्रत्येक वस्तूबद्दल तिचा एकच प्रश्न असायचा, "बाबा, हे त्यात बसेल का?" माझे पोट संगणकावरच चालते, तेव्हा हो किंवा नाही एवढे उत्तर मला देता येत होते. पण तिचा पुढचा प्रश्न अवघड असायचा : "का?" पिना तेवढ्याच, आकार तोच, मग का चालणार नाही? आणि दोन कट्टर वैऱ्यांनी बनवलेले भाग एकमेकांत बिनतक्रार का चालतात? लग्न जमवताना आपण छत्तीस गुण बघतो आणि भांडणाला छत्तीसचा आकडा म्हणतो. संगणकाच्या पत्रिकेत दोन्ही छत्तीस एकत्र नांदतात. त्याची ही गोष्ट.

सुरुवात १२ ऑगस्ट १९८१ पासून करावी लागते. त्या दिवशी आयबीएमने आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' जाहीर केला. मोठमोठी यंत्रे स्वतःच्या कारखान्यात अथपासून इतिपर्यंत बनवणारी ही कंपनी. पण या छोट्या यंत्राची तिला घाई होती, म्हणून फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथल्या तुकडीने साधारण वर्षभरात बाजारात मिळणारे भाग घेऊनच ते उभे केले. प्रोसेसर इंटेलचा (८०८८), कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची, आणि आत पाच मोकळ्या खाचा, ज्यात इतर कोणीही आपले कार्ड बनवून बसवावे. त्यासाठी आयबीएमने सर्किटच्या आकृत्यांसकट तांत्रिक पुस्तिकाही विकायला ठेवली. एकच गोष्ट तिने कायद्याने स्वतःकडे ठेवली, ती म्हणजे बायोस. यंत्र सुरू होताना सगळ्या भागांची ओळख करून देणारी ही छोटीशी आज्ञावली. पुस्तिकेत तिची ओळन् ओळ छापलेली होती, पण नक्कल करायला बंदी!

१९८२ साली स्थापन झालेल्या कॉम्पॅक कंपनीने यातून वाट काढली. एका गटाने आयबीएमचे बायोस वाचून ते काय काय करते एवढेच लिहून काढले. ज्यांनी ती पुस्तिका उघडलीच नव्हती अशा दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवे बायोस लिहिले. नक्कल नाही, पण वागणूक तंतोतंत तीच. १९८४ पासून फिनिक्स नावाच्या कंपनीने असेच बायोस कोणालाही विकायला सुरुवात केली आणि मग 'आयबीएम कम्पॅटिबल' यंत्रांचे पेव फुटले.

आता खरी गंमत. एखादे यंत्र आयबीएमशी खरोखर जुळते की नुसते तसे म्हणते, हे ओळखायचे कसे? त्या काळी डीईसीचा रेनबो, टँडी २००० अशी यंत्रे होती ज्यांवर मायक्रोसॉफ्टचीच डॉस चालायची, पण आयबीएमसाठी लिहिलेले बरेच कार्यक्रम चालायचे नाहीत. जाणकारांनी दोन कसोट्या ठरवल्या होत्या. एक लोटस १-२-३ हा हिशेबांचा कार्यक्रम, आणि दुसरी मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे विमान उडवण्याचा खेळ! खेळ का? कारण गंभीर कार्यालयीन कार्यक्रम शिस्तीत डॉसकडे अर्ज करतात, डॉस बायोसला सांगते, बायोस पडद्याला. खेळाला एवढा वेळ नसतो. तो मधल्या साहेबांना टाळून थेट हार्डवेअरशी बोलतो. त्यामुळे यंत्रात कुठे किंचितही फरक असला, तर खेळ तिथेच अडखळतो. हिशेबनीस फसेल, पण वैमानिक फसणार नाही. 'गेम खेळून वेळ वाया' असे म्हणणाऱ्या (माझ्यासकट) सर्व पालकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. संगणकाचे भाग जुळतात की नाही याचा सर्वांत कडक परीक्षक पहिल्यापासून खेळच आहे.

आयबीएमला हे नकलांचे राज्य पसंत पडणे शक्य नव्हते. एप्रिल १९८७ मध्ये तिने पीएस/२ ही नवी यंत्रे आणली. त्यात आधीची खाच काढून मायक्रो चॅनल नावाची नवी खाच होती. तांत्रिकदृष्ट्या सरस, पण वापरायची तर आयबीएमला परवान्याचे पैसे द्या. जुनी कार्डे बाद. सप्टेंबर १९८८ मध्ये कॉम्पॅकच्या पुढाकाराने नऊ प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र आल्या. एपसन, एचपी, एनईसी, ऑलिव्हेट्टी वगैरे, एरवी एकमेकांचे गिऱ्हाईक पळवणाऱ्या. त्यांनी जुनी कार्डेही बसतील अशी स्वतःची खाच जाहीर केली. व्यापारी पत्रकारांनी त्यांना 'नऊ जणांची टोळी' म्हटले. टोळीची ती खाच महाग होती आणि फार चालली नाही, पण आयबीएमची मक्तेदारी मात्र मोडली. मायक्रो चॅनल गेले. उरले काय, तर पीएस/२ बरोबर आलेली कीबोर्ड-माउसची गोल सॉकेट. आजही कित्येक नव्या मदरबोर्डांच्या मागे त्यातले एक दिसते. मुलीने तिच्या बोर्डावरचे ते गोल भोक दाखवून "हे कशासाठी?" असे विचारले, तेव्हा मला पस्तीस-चाळीस वर्षे मागे जावे लागले.

याच मोकळ्या खाचेतून आपली मराठी संगणकात आली, हे मात्र आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसते. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांवर सुरू झालेले काम १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅककडे आले आणि त्यातून 'जिस्ट कार्ड' तयार झाले. हे कार्ड पीसीच्या खाचेत बसवायचे. मग डीबेस, वर्डस्टार असे इंग्रजीसाठी लिहिलेले डॉसवरचे कार्यक्रम देवनागरी दाखवू लागत. मूळ कार्यक्रमाला पत्ताही लागत नसे की आपण मराठीत बोलतो आहोत. सी-डॅकचे नाव निघाले की आपण डॉ. विजय भटकर आणि १९९१ चा 'परम' महासंगणक आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण माझ्या मते सरकारी कचेरीत मराठी यादी छापून देणारे ते हातभर कार्ड काही कमी महत्त्वाचे नाही. आयबीएमने १९८१ मध्ये पाच खाचा मोकळ्या ठेवल्या नसत्या, तर पुण्यातल्या अभियंत्यांना त्यात शिरायला जागाच नव्हती.

त्याच खाचेतून आवाजही आला. मूळ पीसीला फक्त 'टुंई' करता यायचे. १९८७ साली कॅनडातल्या ॲडलिब कंपनीने संगीताचे कार्ड काढले. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर आणले. त्यात ॲडलिबचीच यामाहाची चिप होती, म्हणजे ॲडलिबसाठी लिहिलेले सगळे खेळ चालणार, शिवाय ध्वनिमुद्रित आवाज आणि जॉयस्टिकसाठी जागाही. जुन्याला सामावून घेऊन वर दोन गोष्टी जास्त देणारा जिंकतो, हे या धंद्यात वारंवार दिसते. ज्यांनी नव्वदच्या दशकात डूम (१९९३) खेळला असेल, त्यांना २२०, ५ आणि १ हे आकडे अजून पाठ असतील. कार्डाचा पत्ता, त्याची इंटरप्ट आणि डीएमएची वाहिनी. बारीक जंपर काढून-घालून हे आकडे जुळवावे लागत. दोन कार्डांनी एकच इंटरप्ट धरली की एकतर प्रिंटर गप्प, नाहीतर खेळ मुका. पत्रिकेत एकनाड निघावी तसेच! १९९५ च्या विंडोजने हे जुळवण्याचे काम आपल्याकडे घेतले. सुरुवातीची काही वर्षे ते रामभरोसेच चालायचे, पण पुढे सुधारले.

भारतात या सगळ्याची गंगा दोन टप्प्यांत आली. नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधी सरकारने नवे संगणक धोरण आणून आयात सोपी केली. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि सुट्या भागांवरचे शुल्क पायरीपायरीने कमी होऊ लागले. कंपनीचा तयार संगणक मध्यमवर्गाला परवडायचा नाही, म्हणून 'असेंबल्ड' हा शब्द घराघरांत गेला. पुणेकर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या आसपास हिंडायचे, आणि मुंबईकरांची पंढरी म्हणजे ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव लोकांच्या तोंडी राहिले. पाटीवर मात्र कधीचेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. रेडिओ आणि ट्रान्झिस्टरच्या सुट्या भागांचा हा बाजार नव्वदच्या दशकात मदरबोर्ड नि रॅमचा झाला.

मी तिथे पहिल्यांदा गेलो १९९८ मध्ये, मावसभावाबरोबर. दादा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता, म्हणजे आमच्या दृष्टीने सर्वज्ञ. दुकानदार वीतभर चिठ्ठीवर एकाखाली एक भाग आणि किमती लिहून द्यायचा. तसली चिठ्ठी घेऊन पुढच्या दुकानात जायचे, तो दोन ओळी खोडून स्वतःच्या लिहायचा. दुपारपर्यंत आमच्या खिशात नऊ चिठ्ठ्या जमल्या होत्या. काउंटरवरच्या काकांनी मात्र किंमत सांगायच्या आधी एकच प्रश्न विचारला : "प्रोसेसर कुठला, ते आधी बोला. बाकी सगळे त्याच्या मागून ठरते." मी पुढे परदेशात जाऊन याच विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतले, पण संगणकजुळणीचे याहून नेमके सूत्र मला कुठल्या वर्गात मिळाले नाही.

आणि त्या वर्षी हा प्रश्न खरोखरच कळीचा होता. त्याआधी प्रोसेसरसाठी सॉकेट ७ नावाचे एकच सामाईक घर होते. त्यात इंटेलचा पेंटियम बसे, एएमडीचा के६ बसे, सिरिक्सचाही बसे. बोर्ड तोच, जावई कोणीही. या कथेत पुण्याचा एक धागा आहे. 'पेंटियमचे जनक' म्हणून ज्यांचा उल्लेख होतो ते विनोद धाम मूळचे पंजाबी कुटुंबातले, पण जन्म पुण्याचा. १९९५ मध्ये इंटेल सोडून ते नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले. नेक्सजेनचा प्रोसेसर चांगला होता, पण तो पेंटियमच्या सॉकेटमध्ये बसायचा नाही, त्याला स्वतःचाच बोर्ड लागे. एवढ्या एका कारणाने गिऱ्हाईक बिचकत असे. १९९६ मध्ये एएमडीने ही कंपनी विकत घेतली, नेक्सजेनच्या पुढच्या प्रोसेसरची रचना सॉकेट ७ मध्ये बसेल अशी बदलली, आणि १९९७ साली तो के६ या नावाने बाजारात आला. म्हणजे बुद्धी आधीपासूनच होती, फक्त पिना शेजाऱ्याच्या घराप्रमाणे करून घ्याव्या लागल्या.

त्याच १९९७ च्या मे महिन्यात इंटेलने पेंटियम २ बाजारात आणला आणि सामाईक घर सोडले. नव्या प्रोसेसरसाठी तिने स्लॉट १ नावाची लांब खाच काढली आणि ती वापरायचा हक्क एएमडीला दिला नाही. १९९९ मध्ये एएमडीने ॲथलॉनसाठी स्लॉट ए काढला. त्याचा जोड यांत्रिकदृष्ट्या स्लॉट १ चाच होता, फक्त उलटा फिरवून बसवलेला. बोर्ड बनवणाऱ्यांना तोच सुटा भाग वापरता यावा हा उद्देश. पण विजेची भाषा पूर्ण निराळी. त्या वर्षापासून आजतागायत प्रोसेसर घेताना आधी पक्ष निवडावा लागतो. मी १९९८ ला सामाईक सॉकेटवरचा के६-२ घेतला, कारण बोर्ड स्वस्त होता. दादाने स्वतःसाठी सेलेरॉन ३००ए घेतला. त्याचा बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा तो प्रोसेसर बहुधा निमूटपणे ४५० वर धावायचा. दादा अजून ती गोष्ट सांगतो, आणि दर वेळी आकडा थोडा वाढतो!

ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याला तर सगळ्यात जास्त स्थित्यंतरे आली, आणि त्याला खेळच जबाबदार. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्सचे व्हूडू कार्ड आले. ते एकटे चालायचेच नाही. नेहमीचे कार्ड वेगळे ठेवून, त्याच्यातून निघालेली वायर व्हूडूत घालायची आणि तिथून मॉनिटरला. त्रिमिती खेळ सुरू झाला की आत 'टक्' असा आवाज होऊन व्हूडू ताबा घ्यायचे. त्याला खेळांशी बोलायची स्वतःची खास भाषा होती. दोन-तीन वर्षे या कार्डाने राज्य केले. मग १९९८ च्या डिसेंबरमध्ये कंपनीने एक कार्ड-कारखाना विकत घ्यायचे जाहीर केले. आतापर्यंत तिच्या चिप घेऊन कार्डे बनवणारे मित्र दुरावले आणि दुसऱ्या चिपवाल्यांकडे गेले. डिसेंबर २००० मध्ये थ्रीडीएफएक्सची मालमत्ता एनव्हिडियाने घेतली. एवढ्या हुशार मंडळींना आयबीएमचे दहा वर्षांपूर्वीचे उदाहरण दिसले नसेल का, याचे मला नेहमी नवल वाटते.

कार्ड ज्या खाचेत बसते ती खाचही बदलत गेली. आधी आयबीएमची मूळ खाच, १९९२ नंतर पीसीआय, १९९७ च्या सुमारास फक्त ग्राफिक्ससाठी एजीपी, आणि २००४ पासून पीसीआय एक्सप्रेस. एजीपीमध्ये तर एकाच नावाखाली ३.३ व्होल्टची आणि १.५ व्होल्टची अशी दोन कुळे होती. चूक होऊ नये म्हणून कार्डाच्या कडेला कापे ठेवलेले असत, तरी जोर लावणारे महाभाग असायचेच. एजीपी, पीसीआय एक्सप्रेस आणि यूएसबी या तिन्हींच्या घडणीत अजय भट्ट यांचे नाव येते. इंटेलमधले हे अभियंते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. सयाजीरावांच्या बडोद्याशी आपले नाते सांगायला नको. यूएसबीचे पहिले मानक जानेवारी १९९६ मध्ये आले. हा प्लग पहिल्या प्रयत्नात कधीच का बसत नाही, असे त्यांना अनेकदा विचारले गेले. उलटसुलट कसाही बसणारा प्लग केला असता, तर तारा आणि खर्च दुप्पट झाला असता, असे त्यांचे उत्तर. मला ते पटते. महाग असता तर तो कोणी बसवलाच नसता.

पीसीआय एक्सप्रेसचे उपकार मुलीची यादी करताना जाणवले. नवे कार्ड जुन्या बोर्डात आणि जुने कार्ड नव्या बोर्डात, दोघांतल्या हळू असलेल्याच्या वेगाने का होईना, चालते. म्हणून ग्राफिक्स कार्डाची खाच हा तिच्या यादीतला सर्वांत सोपा प्रश्न ठरला. अवघड होता तो लॅमिंग्टन रोडवरच्या काकांचाच. तिने एएमडीचा एएम५ सॉकेटचा प्रोसेसर निवडला, २०२४ मध्ये आलेल्या पिढीतला. बोर्ड मात्र २०२२ च्या जातीचा, कारण तो स्वस्तात मिळत होता. पिना १७१८, सॉकेट तेच, बसणार नक्की. पण चालेल का? बोर्ड कारखान्यातून निघाला तेव्हा हा प्रोसेसर जन्मालाच आला नव्हता. त्याची ओळख बायोसमध्ये नसेल, तर पडदा काळाच राहणार. मी तिला इंटेलचे उदाहरण दिले. २०१५ चे एलजीए ११५१ हे सॉकेट २०१७ मध्ये त्याच नावाने आणि तेवढ्याच पिनांसह पुढे चालू राहिले, पण नव्या प्रोसेसरला नवाच बोर्ड लागला. उलट एएमडीचे एएम४ हे सॉकेट २०१७ च्या पहिल्या रायझनपासून २०२० च्या ५००० मालिकेपर्यंत टिकले, फक्त बायोस नवे करून घ्यावे लागे. तिने मग असा बोर्ड शोधला ज्याच्या मागे एक छोटे बटण असते. प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून बायोस भरता येते. कॉम्पॅकच्या त्या दोन गटांनी ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, तेच बायोस आमच्या जेवणाच्या टेबलावर पाच-सहा मिनिटांत भरले गेले.

रॅमचे काम सोपे. डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या कापांची जागा वेगळी, त्यामुळे चुकीची रॅम आत जातच नाही. एएम५ ला फक्त डीडीआर५ चालते. कॅबिनेटमध्ये कार्डाची लांबी आणि प्रोसेसरवरच्या कूलरची उंची मावते का, हे मिलिमीटरमध्ये बघायचे. जुफैरमध्ये जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि शमाल वाऱ्याबरोबर धूळ येते, म्हणून पुढून जाळीचे, धूळगाळणी काढून धुता येईल असे कॅबिनेट घ्या, असा माझा आग्रह होता. काचेच्या बंद पेट्या दिसायला छान, पण त्या आपल्या हवेसाठी नाहीत.

खरा धोका एसएमपीएसमध्ये असतो, आणि दुर्दैवाने लोक पैसे तिथेच वाचवतात. हिशेब असा : पीसीआय एक्सप्रेसच्या खाचेतून कार्डाला ७५ वॉट मिळतात, सहा पिनांच्या जोडातून आणखी ७५, आठ पिनांच्या जोडातून १५०. कार्डाची भूक किती ते बघून जोड आणि वॉट ठरवायचे. नव्वदच्या दशकातल्या एसएमपीएसचे बोर्डाकडे जाणारे जोड दोन असत, दिसायला सारखे. 'काळी तार काळीशेजारी' हा मंत्र म्हणत ते बसवायचे. उलटे बसले की बोर्ड गेला. त्यामागे ११५ आणि २३० असे लिहिलेले लाल बटणही असायचे. आजचे चांगले एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टपर्यंत स्वतःच जुळवून घेतात. पण एक सापळा अजून तसाच आहे. ज्या एसएमपीएसच्या वायरी सुट्या निघतात, त्यांचे बोर्डाकडचे टोक मानकाप्रमाणे असते, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठलेच मानक नाही. एका कंपनीची वायर दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसमध्ये व्यवस्थित बसू शकते आणि बारा व्होल्ट नको त्या तारेत सोडू शकते. चाळीस वर्षांच्या भांडणातून एवढी मानके घडली, पण या एका टोकासाठी नऊ जणांची टोळी अजून जमलेली नाही. भावा-मित्रांकडून जुनी वायर मागून घेणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

याउलट भिंतीकडे जाणारी वायर. तिचे एसएमपीएसकडचे टोक जगभर सारखे आहे, फक्त भिंतीकडचा प्लग बदलतो. आपल्यापैकी कोणी इथून पुण्याला, तिथून टोरंटोला बदलून गेले, तर एवढी एक वायर नवी घ्यायची. मिक्सरला हे सुख नाही.

सर्व भाग आल्यावर मुलीने सर्वांत आधी कॅबिनेटमधले पितळी खुंट आणि बोर्डाची भोके जुळवून पाहिली. ही भोके इंटेलने १९९५ मध्ये मांडलेल्या एटीएक्स मानकाची. बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, भोके ठरलेल्या जागी. सॉकेटे गेली, खाचा गेल्या, पण ही भोके हलली नाहीत. ते कळल्यावर तिने डोंबिवलीला माझ्या धाकट्या भावाला फोन लावला. "काका, बाबांचे ते माळ्यावरचे कॅबिनेट अजून आहे ना? टेप लावून बघ ना जरा." १९९८ मध्ये लॅमिंग्टन रोडवर थोडे जास्त पैसे मोजून मी एटीएक्स कॅबिनेट घेतले होते. भावाने माळ्यावर चढून ते उतरवले, आईने त्यात ठेवलेले दिवाळीचे कंदील बाहेर काढले, आणि मोजमाप केले. भोके जुळतात. त्यातला एसएमपीएस बाद, कारण त्याचा जोड वीस पिनांचा आणि वयही झालेले. हवा खेळायला मागे एकच पंखा. समोर यूएसबी नाही. पण पॉवरच्या बटणाची दोन पिनांची वायर नव्या बोर्डावर आजही तशीच बसेल. पुतण्या आता बारावीला आहे. पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघे मिळून त्याच कॅबिनेटमध्ये त्याचा संगणक बांधणार आहेत. प्रोसेसर इंटेलचा की एएमडीचा, यावरून रोज रात्री डोंबिवली-जुफैर वाद चालू असतो.